गव्हाचे वावडे आणि घरची पंगत

यंदाच्या आषाढी एकादशीस आमच्या घरी जो सर्वांत अधिक जेवला त्याला उपास नव्हता. वय वर्षे नऊ. आमच्या पुतणीचा मुलगा. पुतणीच्या यजमानांची बदली नाशकास झाली आणि ज्येष्ठ महिन्यात ही तिघे आमच्याच घरी राहावयास आली. भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, काकडीची कोशिंबीर असा नेहमीचा बेत होता. मुलाने भगर तीन वेळा मागून घेतली. दुसरे दिवशी डोळे चोळीत तो स्वयंपाकघराच्या दारात आला व त्याने विचारले, "आज पण एकादशी आहे का?"

सर्व हसले. त्याची आई मात्र हसली नाही. मुलास गहू चालत नाही, हे तिने आल्या दिवशीच सांगितले होते. आमच्या ध्यानात राहिले ते एवढेच, की त्याला पोळी वाढावयाची नाही.

ह्या सदरात आम्ही ऋतुमानाप्रमाणे चार पदार्थ सांगतो. ह्या खेपेस पदार्थांआधी थोडे घरचेच सांगावे लागणार आहे. वाचकभगिनींनी ते सोसून घ्यावे.

मुलाच्या विकाराचे नाव सेलिअ‍ॅक. गहू व जव ह्यांमध्ये ग्लूटेन नावाचे जे चिकट प्रथिन असते, ज्याच्यामुळे कणीक ताणली असता तुटत नाही, ते ह्या मुलांच्या पोटात गेले म्हणजे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर झिजते, अन्न अंगी लागत नाही, मूल वाढत नाही. शास्त्राच्या काटेकोर भाषेत हे वावडे नव्हे. खऱ्या वावड्यात अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वास कोंडून प्राणावरही बेतते. पण स्वयंपाकघरापुरते बोलावयाचे तर नियम दोहोंचा एकच: तो जिन्नस कणभरही नको. गव्हाचा हा दोष ओळखला तो विलेम डिके नावाच्या डच बालवैद्याने. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असता ही मुले सुधारू लागली. पाव परत येताच ती पुन्हा आजारी पडली. डिके ह्यांना गव्हाचा संशय त्याआधीच होता. त्यांनी आपला प्रबंध 1950 साली प्रसिद्ध केला. अद्यापि ह्यास पथ्यावाचून दुसरा उपाय नाही, आणि ते जन्माचे आहे. एक सूचना येथेच करून ठेवतो: मुलाविषयी असा संशय आल्यास आपल्याच मनाने गहू बंद करू नये. गहू खाण्यात असतानाच रक्ताची परीक्षा खरी उतरते. आधी बंद केल्यास रोग असूनही तो लपतो.

आता द्वादशीची हकीकत. एकादशीची भगर उरली होती. उरलेल्या भगरीत उकडलेला बटाटा कुस्करून, जिरे-मिरची घालून तिची थालिपिठे लावावयाची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. मुलाला ती द्यावी, त्यात गहू कोठला, असा सरळ विचार झाला. थालिपिठे लावली ती मात्र पारण्याच्या पोळ्या नुकत्याच उतरल्या होत्या त्या तव्यावर. तव्याच्या कडेस करपलेली पिठी तशीच होती. जोडीला वरणभात होता व वरणावर हिंगाची फोडणी. चार वाजण्याच्या सुमारास मुलाच्या पोटात कळ आली, दोन वेळा ओकारी झाली, आणि रात्रभर तो आईच्या मांडीवर पडून राहिला.

घरात जो तो शपथेवर सांगू लागला, की आपण गव्हाचा कण दिला नाही. पुतणी कोणास काही बोलली नाही. तिने मांडणीवरची हिंगाची डबी उचलली, मागे छापलेली बारीक अक्षरे वाचली आणि डबी आमच्या हातात दिली. गव्हाचे पीठ! आमची साठी उलटली; इतक्या वर्षांत हिंगात गहू असेल असे आमच्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु विचार करता त्यात नवल नाही. इराण-अफगाणिस्तानाकडून येणारा अस्सल हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळाचा चीक. तो इतका उग्र असतो, की त्यात पीठ व डिंक मिसळूनच तो बाजारात येतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. डबी वाचून घ्यावी लागते. वेष्टनातील खाद्यपदार्थांवर गहू, दूध, भुईमूग इत्यादी वावड्याचे जिन्नस स्पष्ट छापले पाहिजेत, असा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 सालचा नियम आहे. नियम चांगला आहे, पण अक्षरे छापणाऱ्यास आमच्या वयाच्या डोळ्यांची कीव असावी असे दिसत नाही.

त्या रात्री पुतणी म्हणाली, "काका, राग मानू नका. त्याच्यापुरती मी वरच्या खोलीत वेगळी चूल मांडते."

वेगळी चूल! एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांना हे दोन शब्द कसे लागतात ते सांगावयास नको. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. मुलाच्या प्राणाची काळजी होती, आणि त्यामुळेच आम्हांस उत्तर सुचेना. ज्या घरात भाऊ-भाऊ वाटणीवाचून राहिले त्या घरात हिंगाच्या चिमटीपायी चूल वेगळी व्हावी, आणि नऊ वर्षांच्या मुलाने वर एकट्याने जेवावे! पण मग करावे काय?

उत्तर दिले ते आमच्या काकूंनी. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांच्या सोवळ्याची आम्ही सर्वांनी आजवर यथेच्छ थट्टा केली. त्यांनी पुतणीला जवळ बसवून बारीकसारीक विचारले: भांडे घासल्यावर चालते का, लाकडाचे चालते का, हात धुतला तर पुरे का, वाऱ्याने उडालेले पीठ बाधते का. सर्व ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे गव्हाचा विटाळ. अगं, मग इतके घाबरायला काय झाले? हे तर आम्ही जन्मभर करीत आलो."

आणि खरोखरच तसे होते. उपासाच्या पदार्थास धान्याची पळी लागू नये. उपासाची भाजणी गिरणीत गव्हावर टाकू नये. नैवेद्य पंगतीआधी काढून झाकून ठेवावा. जे ज्ञान परदेशातील आईबापांना पुस्तकातून शिकावे लागते ते आमच्या घरात रोजच्या हातवळणात होते, फक्त ते कोणत्या कामी लावावे हे कळत नव्हते. ह्यावरून कोणी असे समजू नये की आम्ही जुन्या सोवळ्याचे पोवाडे गात आहो. आम्ही नाशिककर आहो. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि 1935 पर्यंत चालला. सोवळ्याने माणसांना दाराबाहेर किती निर्दयपणे उभे केले हे ह्या गावास तरी विसरता येणार नाही. काकूंचे नवे सोवळे जिन्नस दूर ठेवते ते ह्यासाठी, की माणूस पंगतीत बसावा. हा फरक आम्हांस फार मोठा वाटतो.

तर काकूंनी घालून दिलेली रीत अशी. मुलासाठी तवा, पोळपाट-लाटणे, पिठाची चाळण आणि कढई नवी; कारण लाकडाच्या चिरांत, चाळणीच्या जाळीत व जुन्या लोखंडी तव्यावर पीठ दडून राहते. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की पुरे. मुलाचे रांधून झाकून होईपर्यंत कणकेचा डबा उघडावयाचा नाही. कढईतल्या ज्या तेलात पुरी किंवा कुरडई तळली (कुरडई म्हणजे गव्हाचा चीक, हे मुलींना आता ठाऊकही नसते) ते तेल त्याच्यासाठी पुन्हा वापरावयाचे नाही. दळण गिरणीतून आणावयाचे नाही; आमच्या आधी कोणाचे गहू दळले गेले ते कोणास ठाऊक! घरघंटी घेतली आणि तीत गहू घालावयाचे नाहीत असे ठरले. मेतकुटात भाजलेले गहू असतात, म्हणून ते घरी गव्हावाचून केले. आजारी मुलास ज्या प्रेमाने आपण मेतकूट-भात भरवतो त्यातच विष निघावे हे काकूंना हिंगाहूनही जिव्हारी लागले. थालिपिठाच्या भाजणीतूनही गहू काढले.

गहू वगळला की उरते काय, ही चिंता नाशिककराने तरी करू नये. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी ह्या आपल्याच जिल्ह्यातील डोंगरउतारांवर नागली व वरई पिकते. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात नागलीची बिस्किटे आली. त्या बिस्किटांत बहुधा मैदाही असतो, तेव्हा घेताना सावध असावे. नागलीची भाकरी घरी करावी हे उत्तम. तिच्यात चिकटपणा नसल्यामुळे गार पाण्यात भिजविल्यास ती थापताना चिरते. एक वाटी पाणी मिठासह उकळून त्यात वाटीभर पीठ घालावे, ढवळून पाच मिनिटे झाकावे, मग हाताला सोसेल तितके गरम असताच चांगले मळावे. उकड जितकी मळाल तितकी भाकरी मऊ.

नारळी पौर्णिमेस आम्ही सबंध पंगत गव्हावाचून केली. मुलाचे ताट निराळे न दिसता सर्वांचे ताट त्याच्यासारखे दिसावे, असा काकूंचा हट्ट. वरणभात, अळूची पातळ भाजी, घरी दळलेल्या डाळीच्या पिठाची कोथिंबीर वडी, नागलीची भाकरी व लोणी, साबुदाण्याच्या पापड्या, मठ्ठा, आणि मुख्य म्हणजे नारळी भात. फोडणीत हिंगाऐवजी जिरे व किसलेले आले घातले. कोणाच्या ध्यानात आले नाही.

नारळी भातास दोन वाट्या जुना तांदूळ धुऊन तासभर निथळत ठेवावा. तीन चमचे तुपात चार लवंगा टाकून त्यावर तांदूळ परतावा व दुपटीस किंचित कमी असे आधणाचे पाणी आणि चिमूटभर मीठ घालून भात मोकळा शिजवावा. येथे घाई करू नये. गूळ पडल्यावर तांदूळ शिजत नाही, उलट आकसतो. म्हणून शीत बोटाने दाबून पूर्ण शिजले आहे ना ते पाहावे, मात्र मोडू देऊ नये. भात परातीत पसरून निववावा. एका नारळाचा चव व दीड वाटी किसलेला गूळ त्यात हलक्या हाताने मिसळून पुन्हा पातेल्यात मंद विस्तवावर ठेवावा. गूळ प्रथम विरघळून पाणी सुटते, मग ते भात पिऊन घेतो. वरून दोन चमचे तूप व वेलदोड्याची पूड घालून झाकण ठेवावे. आमचे थोरले बंधू, म्हणजे मुलाचे आजोबा, पंगतीस पुरी नाही म्हणून सकाळपासून धुमसत होते. भात आल्यावर त्यांनी पुरीचे नाव काढले नाही.

आता उरलेल्या अन्नाविषयी. द्वादशीस आम्ही फसलो ते ताज्या अन्नात नव्हे, शिळ्यातच अधिक. ताजे अन्न करताना चारही बायका जागरूक असतात. उरलेल्या पातेल्यात कोणाची पळी गेली, कोणी पोळीचा तुकडा बुडवून चव पाहिली, ह्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून मुलाचा दुसऱ्या दिवसाचा वाटा पंगतीपूर्वीच, नैवेद्यासारखा, वेगळ्या डब्यात काढावा. काकूंनी त्या डब्याच्या कडीस तांबडा दोरा बांधला आहे. त्याला कोणीही हात लावीत नाही, बंधूदेखील नाही. शिजलेला भात रात्रभर उघड्यावर ठेवू नये. त्यात धरणारे जंतू असे चिवट, की नुसता पुन्हा तापविल्याने त्यांचे विष जात नाही. निवाला की दोन तासांच्या आत शीतकपाटात जावा. नारळी भात दुसऱ्याच दिवशी संपवावा. ओला नारळ फार टिकत नाही.

आमच्याकडे वरण वाटीभर उरले होते. त्यात ज्वारीचे व नागलीचे पीठ समभाग, तीळ, तिखट, कोथिंबीर घालून, पाण्याचा थेंबही न लावता मळले व ओल्या फडक्यावर धपाटी थापली. साधा भात दाण्याचे कूट व कढीलिंबाच्या फोडणीत परतला. नागलीच्या दोन भाकऱ्या उरल्या, त्या बायकांनी ताकात कुस्करून, वर लसूण-मिरचीची फोडणी देऊन दुपारी खाल्ल्या. काकूंना लसूण चालत नाही. त्यांची वाटी आधीच बाजूस काढली होती.

बंधूंना सकाळच्या चहाबरोबर फोडणीची पोळी लागते, गेली पन्नास वर्षे. आदल्या दिवशी घरात पोळीच झाली नव्हती, तेव्हा त्या दिवशी त्यांना नातवाच्या शेजारी बसून धपाटे खावे लागले. त्यांनी दुसरे मागितले, आणि नातू म्हणाला, "आजोबा, दोरा बांधलेल्या डब्यातले नाही हं."

पुतणीने वरच्या खोलीसाठी आणलेली शेगडी अद्याप खोक्यातच आहे. ती दुकानदारास परत करावी असे आम्ही सुचविले. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत राहू द्या, चकल्यांची भाजणी त्यावर वेगळी भाजता येईल.