शिस्त, शिक्षा आणि क्षमा



दिवा पूर्वेला आमच्या एका मित्राचे भांड्यांचे दुकान आहे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असते, म्हणून दोन तास शटर अर्धे खाली ओढलेले असते. मध्यंतरी अशाच एका रविवारी त्या अर्ध्या शटरच्या आत आम्ही चौघे बसलो होतो. चौघेही एकाच गावच्या जैन छात्रालयात एकाच काळी शिकलेले. पुढे धंद्याने आम्हांला पांगवले. कोणी कल्याणला कापडाच्या पेढीवर लागला, कोणी डोंबिवलीत किराणा मांडला. आणि तेथे जागा परवडेना तेव्हा दोघे दिव्यात येऊन स्थिरावले. बाहेरून जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात अधूनमधून बोलणे थांबवावे लागत होते, पण विषय थांबत नव्हता. विषय होता छात्रालयाचा आणि तेथील गुरुजींचा.

पहाटे पाचची घंटा, विहिरीचे थंडगार पाणी, अर्ध्या झोपेत म्हटलेली प्रार्थना, सूर्यास्तापूर्वी उरकावयाचे जेवण आणि जेवणानंतर ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकण्याचा नियम. घरी आईने कितीही सांगितले तरी जे अंगवळणी पडले नव्हते, ते तेथे महिन्याभरात पडले. आमचे गणिताचे गुरुजी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी रोज सायंकाळी रांगेत उभे करून म्हणवून घेत. आजही आमच्यापैकी कोणी गल्ल्यावर बसला की यंत्राकडे बोट जाण्यापूर्वी रक्कम ओठांवर येते. जमाखर्च शिकविताना त्यांचा एक दंडक होता : चुकलेली नोंद खरडून नाहीशी करावयाची नाही. तिच्यावर एकच रेघ मारावयाची आणि शेजारी बरोबर नोंद लिहावयाची. चूक वाचता आली पाहिजे, असे ते म्हणत.

त्यांची छडीही तशीच चोख होती. उशीर झाला तर एक, पाढा अडला तर दोन. एकाने हात पुढे करून कोणत्या पेरावर कोणत्या वर्षी वळ उठला होता हे दाखविले आणि आम्ही मनापासून हसलो. मग अशा बैठकीत जे वाक्य हमखास निघते तेही निघाले : “मार खाल्ला, म्हणून घडलो. आजच्या पोरांना कोणी हात लावत नाही, म्हणून ही गत.” दोघांनी माना डोलावल्या. चौथा मात्र गप्प होता.

त्याचे गप्प राहणे आम्हां तिघांनाही ठाऊक होते. आम्ही सातवीत असताना भोजनखर्चाच्या पेटीतील सव्वापाच रुपये कमी भरले. त्या दिवशी पेटीजवळ तोच दिसला होता. त्याने पैसे घेतले नाहीत असे सांगितले. ते खोटे ठरविण्यात आले. कबूल करीपर्यंत जेवण नाही, असा निर्णय झाला. दोन वेळा पंगत बसली आणि दोन्ही वेळा त्याला भोजनगृहाच्या दाराशी उभे करण्यात आले. तिसऱ्या वेळी त्याने न केलेली चोरी कबूल केली आणि त्याला ताट मिळाले. त्या दोन्ही पंगतींत मी होतो. मी जेवलो. वळांच्या आठवणी सांगून हसताना ही आठवण मी आजवर कधी काढली नव्हती.

छात्रालयाने आम्हांला जे दिले ते खरेच मोलाचे होते. त्याचा कृतघ्नपणे विसर पडू नये. परंतु उपकाराचे आणि अपकाराचे खाते एकत्र करून शेवटी ‘एकूण बरे झाले’ अशी एकच रक्कम मांडणे, हा गुरुजींच्याच जमाखर्चाच्या रीतीत न बसणारा व्यवहार आहे. शिस्त ही एक नोंद आहे आणि शिक्षा ही दुसरी.

या दोन नोंदी आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी वेगळ्या केल्या आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि खाणेपिणे अडविणे. येथे ‘वध’ या शब्दाचा अर्थ जीव घेणे असा नाही. आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत तो स्पष्ट केला आहे : काठी, चाबूक, वेत यांनी प्रहार करणे. वेत हा शब्द तेथे आहे, हे मला फार उशिरा वाचनात आले. श्वेतांबर परंपरेतील वंदित्तु सूत्रातही हेच पाच अतिचार येतात आणि प्रतिक्रमणाला बसणारा प्रत्येक श्रावक त्यांची आलोचना करतो.

आपण हे पाच अतिचार बैलाच्या, घोड्याच्या संदर्भात वाचतो, फार तर दुकानातील नोकराच्या संदर्भात. पोटच्या किंवा हाती सोपविलेल्या मुलाच्या संदर्भात ते वाचावेत, असे आपल्याला सुचत नाही. सातवीतल्या मुलाला दोन वेळा उपाशी दाराशी उभे करणे हा अन्नपाननिरोध नव्हे काय? पाण्याच्या थेंबातील जीवांची काळजी वाहणाऱ्या समाजाने छडीचे कौतुक करताना क्षणभर थांबावयास हवे.

याचा अर्थ नियमच नकोत असा कोणी घेऊ नये. नियमाशिवाय जैन जीवनाची कल्पनाच होत नाही. मात्र आपल्याकडील नियम स्वीकारावयाचा असतो. पच्चक्खाण घेणारा हात जोडून स्वतः मागतो. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिले स्थान आलोचनेला आहे : आपला दोष आपण होऊन गुरूंपुढे सांगणे. भीतीने वदवून घेतलेल्या कबुलीला तेथे जागा नाही, कारण तशी कबुली खरीही असू शकते आणि आमच्या मित्राच्या कबुलीसारखी खोटीही.

या संदर्भात आपल्याच समाजातील एका विद्यार्थ्याची कथा आठवते. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्याचा जन्म झाला. शिक्षणासाठी तो कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिला. वसतिगृहाची सूत्रे तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे विद्वान, करारी, समाजाच्या शिक्षणासाठी झटणारे. पुढे १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. या विद्यार्थ्याने त्या समारंभास हजेरी लावली. परत आल्यावर स्नान करून मगच पंक्तीस बसावे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला.

हा विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. परंतु मला सांगावयाचा भाग याच्या पुढचा आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळविण्यात आली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांनी आपल्याला पंक्तीतून उठविले, त्यांचा हिशेब चुकता करण्याची याहून सोपी संधी मिळाली नसती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला. पण त्यांचा शब्द फिरला नाही. वसतिगृहाचा नियम मोडणारा हा मुलगा सत्याच्या व्रतात मात्र पक्का निघाला. जो नियम त्याने मोडला तो पंक्तीची शिस्त राखणारा होता. जो त्याने पाळला तो माणूस राखणारा होता.

पुढे किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत गावोगाव फिरणाऱ्या या विक्रेत्याने खेड्यांतील अज्ञान जवळून पाहिले आणि १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. ज्याला पंक्तीबाहेर जावे लागले होते, त्याने सर्व जातींच्या मुलांची एकच पंगत बसविली. त्या पंगतीला धान्य कमी पडले तेव्हा सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले; अखेर मंगळसूत्रही दिले. वसतिगृहात शिस्त कडक होती. मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत. पण मुले उपाशी राहू नयेत, ही काळजी त्या घराने वाहिली. दागिने जातील, पण ताट येईल.

ज्या कुंभोजमध्ये भाऊराव जन्मले, त्याच गावाजवळ १९३४ मध्ये बाहुबली ब्रह्मचर्याश्रम उभा राहिला. त्याचे संस्थापक समंतभद्र महाराज. त्यापूर्वी, १९१८ मध्ये, ब्रह्मचारी देवचंद या नावाने त्यांनीच कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू केले होते. गुरुकुलाची कल्पनाच अशी की गुरू आणि शिष्य यांचे छप्पर एक, अन्न एक, दिनक्रम एक. जो नियम मुलाला, तो आधी शिक्षकाला. गुरुजी स्वतः पहाटे उठलेले दिसले की घंटेचा राग येत नाही. आमच्या छात्रालयाची जी शिस्त आमच्या अंगी टिकली ती अशीच आली. ताट धुऊन पिण्याचा नियम छडीने शिकविला गेला नव्हता. गणिताचे गुरुजी आमच्याच पंगतीत बसून रोज आपले ताट धुऊन पीत, एवढेच. जे छडीने शिकविले ते छडीबरोबर संपले असावे. निदान पहाटे पाचला उठणारा आम्हां चौघांत आज एकही नाही.

काळ बदलला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. शाळेतील छडी गेली. पण अतिभारारोपण घरी आले आहे. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, सायंकाळी दुसरी शिकवणी, आणि निकालाच्या दिवशी सर्व नातेवाइकांसमोर चुलतभावाच्या गुणांशी तुलना. पंक्तीच्या दाराशी उभे करण्याचा हाही एक प्रकार आहे. आपला मुलगा दुकानात बसला आणि त्याने हिशेबात चूक केली, तर ती गिऱ्हाइकासमोर सांगावी की शटर खाली ओढल्यावर, याचा विचार प्रत्येक व्यापारी पित्याने करावा.

आता त्या रविवारी काय घडले ते सांगून संपवितो. आम्हां तिघांचे हसणे ओसरल्यावर चौथ्याने पाकिटातून एक जुने पोस्टकार्ड काढले. घडीवर ते फाटण्याच्या बेतात आले होते. गणिताच्या गुरुजींचे अक्षर आम्ही लगेच ओळखले. संवत्सरीला पाठविलेले ते क्षमापनेचे पत्र होते; छात्रालय सोडून बावीस वर्षे लोटल्यानंतर आलेले. गुरुजींनी लिहिले होते की ते सव्वापाच रुपये महिन्याभरानंतर हिशेबाच्या वहीच्या पुठ्ठ्यात सापडले होते. मुलांसमोर आपला शब्द खाली पडेल या भयाने त्यांनी ते मुकाट्याने पेटीत टाकले आणि कोणाला सांगितले नाही. आता वय झाले. नोंद दुरुस्त केल्याशिवाय जाणे बरे नव्हे. शेवटी त्यांनी आपल्या शिष्याची क्षमा मागितली होती आणि खाली, नेहमीच्या सवयीने, रक्कम अंकी व अक्षरी लिहिली होती.

“तू काय उत्तर दिलेस?” कोणीतरी विचारले.

“त्या वर्षी दिले नाही,” तो म्हणाला. “जमेना. पुढच्या संवत्सरीला दिले. तोवर गुरुजी होते, हे माझे नशीब.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मी त्याला म्हणालो, की त्या दोन्ही पंगतींत मी जेवलो होतो. तो म्हणाला, “मला माहीत आहे. तू माझ्यासमोरच बसला होतास.” मी हात जोडले. त्यानेही जोडले. शटर वर करण्याची वेळ झाली होती.

पर्युषणात आपण थोरांच्या पाया पडतो, बरोबरीच्यांना पत्रे पाठवितो. संवत्सरी असो वा क्षमावाणी, या वर्षी प्रत्येकाने एक क्षमापना आपल्याहून लहानाकडे करावी, एवढीच विनंती : मुलाकडे, सुनेकडे, दुकानातील पोऱ्याकडे, जुन्या विद्यार्थ्याकडे. आणि उत्तर यायला एक वर्ष लागले, तर वाट पाहावी.

मिच्छामि दुक्कडम्.