रेंजवरचे सरळ चेंडू

ड्रायव्हिंग रेंजवर नियमाने जाणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. पहिले दहा-पंधरा चेंडू वेडेवाकडे जातात. कधी स्लाइस होऊन उजवीकडे वळतात, कधी चेंडूचा नुसता माथा लागतो आणि तो गवतातून सरपटत जातो. मग हळूहळू हात बसतो, आणि बकेटमधले शेवटचे वीस चेंडू सुरेख उठून दीडशे यार्डांच्या पाटीच्या आसपास पडतात. माणूस समाधानाने घरी जातो. दोन दिवसांनी गोल्फ कोर्सवर पहिल्याच टीवर तोच क्लब हातात असतो आणि चेंडू झाडीत गेलेला असतो. मग कोणी दडपणाला दोष देतो, कोणी स्विंगला, कोणी नवा क्लब विकत घेतो. माझे म्हणणे असे आहे की बहुतेक वेळा दोष सरावाच्या रचनेत असतो. रेंजवर जे सुरळीत चालले होते त्यातले फार थोडे शिकणे होते. आणि ज्या अडखळण्याला आपण कंटाळतो, टाळतो, तेच खरे तर कामाचे होते.

कोर्सवर काय मागितले जाते ते आधी पाहू. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. पार 72 च्या नेहमीच्या कोर्सवर 18 पैकी चार होल आखूड, पार-3 असतात, म्हणजे पूर्ण फेरीत ड्रायव्हर टीवरून फार तर 14 वेळा हातात येणार. ड्रायव्हरच्या दोन फटक्यांच्या मध्ये एखादा आयर्न, एखादा वेज, दोन पट आणि दहा-पंधरा मिनिटांची चाल असते. एकच फटका लागोपाठ दुसऱ्यांदा मारायची वेळ जवळजवळ येतच नाही. आली तर पहिला चेंडू हरवलेला असतो. जमीन कुठे चढाची, कुठे उताराची, चेंडू कधी पायाच्या पातळीच्या वर, कधी खाली. रेंजवर यातले काहीच नसते. सपाट बे, एकच क्लब, एकच पाटी, आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुढचा चेंडू. त्यात पायाखालची मॅट फसवते. गवतावर क्लब चेंडूच्या इंचभर मागे टेकला की तो मातीत रुततो आणि चेंडू जेमतेम पुढे जातो. मॅटवर तोच क्लब रबरावरून घसरत चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा वाटतो. चूक झालेली असते, पण तिची खबर मिळत नाही.

आता फटक्याचा क्षण बघा. क्लबचे तोंड आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग टिकतो. तेवढ्या वेळात कोणताही माणूस काहीही दुरुस्त करू शकत नाही. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः त्या क्षणी क्लबचे तोंड कुठे पाहत होते यावर ठरते, आणि निघताना एका अंशाचा फरक पडला तर चेंडू पुढे अजिबात वळला नाही तरी दोनशे यार्डांवर साडेतीन यार्ड बाजूला पडतो. म्हणून गोल्फचे कौशल्य चेंडूला क्लब लागण्याआधीच्या तयारीत असते: अंतराचा अंदाज, क्लबची निवड, रोख धरून उभे राहणे, आणि ती हालचाल कोऱ्या मनातून पुन्हा उभी करणे. लागोपाठ वीस चेंडू मारताना ही तयारी एकदाच होते, पहिल्या चेंडूला. पुढचे एकोणीस म्हणजे आधीच्या फटक्यात केलेली किरकोळ डागडुजी. कोर्सवर मात्र प्रत्येक चेंडू पहिलाच असतो.

या म्हणण्याला पुरावा आहे, आणि तो बराच जुना आहे. 1979 मध्ये अमेरिकेत जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हातात टेनिसचा चेंडू घेऊन लाकडी अडसर ठरलेल्या क्रमाने झपाट्याने पाडायचे, अशा तीन हालचाली लोकांना शिकवल्या. एका गटाने आधी पहिली हालचाल पुरी केली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट स्पष्ट पुढे होता आणि मिसळून करणारे चाचपडत होते. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा चाचपडणारेच पुढे निघाले. 1986 मध्ये सिना गुड आणि रिचर्ड मॅगिल यांनी हेच बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसवर करून पाहिले. (ज्या खेळाला एके काळी ‘पूना’ म्हणत, त्याच खेळावर.) मिसळून सराव केलेल्या मुलींना सर्व्हिस नंतर अधिक आठवली, आणि ज्या बाजूने सराव केलाच नव्हता त्या बाजूनेही त्या अधिक चांगली करू शकल्या.

मला सर्वात बोलका वाटतो तो 1994 चा बेसबॉलचा प्रयोग, कारण त्यात नवशिके नव्हते, कॉलेजच्या संघातले मुरलेले फलंदाज होते. नेहमीच्या सरावाखेरीज आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, त्यांना 45 जादा चेंडू खेळायला दिले: 15 वेगवान, 15 वळणारे, 15 मंद. एका गटाला पंधरा-पंधराचे गठ्ठे मिळाले, दुसऱ्याला कोणता चेंडू येणार याचा पत्ता नव्हता. तिसऱ्या गटाला जादा चेंडू मिळालेच नाहीत. शेवटच्या परीक्षेत गठ्ठ्याने खेळलेले सुमारे 25 टक्क्यांनी सुधारले होते, मिसळून खेळलेले सुमारे 57 टक्क्यांनी, आणि जादा सराव न केलेले 6 टक्क्यांनी. चेंडू तेच, संख्या तीच. फरक फक्त क्रमाचा. ड्रायव्हिंग रेंजवर पैसे मोजून बकेट घेणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवायला हवेत.

मग एवढे सगळे ठाऊक असूनही रेंजवर गठ्ठ्याचा सराव का चालू राहतो? कारण तो बरा वाटतो, आणि बरे वाटणे म्हणजे येणे असा आपला समज असतो. डॉमिनिक सायमन आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी 2001 मध्ये सराव करणाऱ्यांनाच विचारले होते: उद्या तुम्हाला हे किती जमेल? गठ्ठ्याने सराव केलेल्यांनी स्वतःबद्दल फार वरचा अंदाज दिला आणि दुसऱ्या दिवशी ते त्याच्या बरेच खाली राहिले. मिसळून सराव केलेल्यांचा अंदाज माफक होता, आणि कामगिरी सरस झाली. घोकंपट्टी केलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे येते असे वाटते, त्याच जातीची ही फसगत आहे. ब्यॉर्क अशा अडखळण्याला ‘हवीशी अडचण’ म्हणतात. डोके त्या अडचणीत गुंतले म्हणजेच ते हालचाल पुन्हा शोधून काढते, आणि शोधून काढलेलेच टिकते.

यावर पहिला आक्षेप नवशिक्यांच्या बाजूने येतो, आणि तो रास्त आहे. ज्याला क्लब कसा धरायचा हेच कळत नाही त्याला दर चेंडूला क्लब बदलायला लावले तर तो काहीच शिकणार नाही. मार्क ग्वाडाग्नोली आणि टिमोथी ली यांनी 2004 मध्ये हेच मांडले: अडचण माणसाच्या कुवतीला साजेशी हवी, कमी पडली तर शिकायला काही उरत नाही, जास्त झाली तर हाती काही लागत नाही. पण यातून नवशिक्याने वर्षभर सात नंबरचा आयर्नच घासावा असे निघत नाही. जॅरड पोर्टर आणि मॅगिल यांनी 2010 मध्ये नवख्यांना गोल्फचे पटिंग शिकवून पाहिले. आधी गठ्ठ्याने, मग ठरलेल्या क्रमाने आलटूनपालटून, शेवटी पूर्ण मिसळून, असे पायऱ्या चढत गेलेले नवखे बाकीच्यांपेक्षा सरस ठरले. म्हणजे गठ्ठा ही पहिली पायरी आहे. रेंजवर दहा वर्षे जाणारेही त्याच पायरीवर उभे दिसतात, आणि तिथे त्यांना कोणी हटकत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडे हमखास घेतला जाईल: रियाज म्हणजे आवृत्तीच ना? गायक एकच पलटा तासन्‌तास घोटतो. घोटतो खरा, पण तो पलटा वेगळ्या लयीत, वेगळ्या स्वरापासून उचलून, वेगळ्या रागात घोटतो. आणि बैठकीत तोच पलटा जसाच्या तसा मांडला तर गुरू खूश होत नाही. आवृत्ती आहे, पण ती उत्तराची नसून शोधण्याची आहे. क्रिकेटचे उदाहरण आणखी जवळचे. रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकरला नेटमध्ये उभे केलेच, पण त्यांची खास ओळख ही की स्कूटरवर बसवून ते त्याला एका मैदानातल्या सामन्यातून दुसऱ्या मैदानातल्या सामन्यात नेत. नवा गोलंदाज, नवी खेळपट्टी, आणि बाद झाला तर पुन्हा संधी नाही. नेटमध्ये स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवण्यातही तेच होते: प्रत्येक चेंडूला काहीतरी पणाला लागलेले. विजय सिंग रेंजवर तासन्‌तास चेंडू मारत असे आणि 2004 मध्ये नऊ स्पर्धा जिंकून जगात पहिला झाला, हे उदाहरणही दिले जाते. पण तो आठवड्यामागून आठवडे स्पर्धा खेळत होता. रेंजवर जे घोटले त्याची परीक्षा कोर्स लगेच घेत होता. ज्याच्या वाट्याला महिन्याकाठी एखादी फेरी येते त्याने विजय सिंगच्या सरावाचा एकच भाग उचलणे धोक्याचे आहे.

शास्त्राच्या बाजूनेही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मिसळून सराव करण्याचा फायदा प्रयोगशाळेत जितका ठळक दिसतो तितका मैदानावरच्या प्रयोगांत नेहमी दिसत नाही. काही ठिकाणी फरक थोडा, काही ठिकाणी नाहीच. शिवाय मोडलेली पकड किंवा चुकीची उभे राहण्याची पद्धत केवळ क्लब बदलून सुधारत नाही. तिथे शिकवणाराच लागतो, आणि तो बदल अंगी लागेपर्यंत काही चेंडू गठ्ठ्याने मारावेच लागतात. हे मी मान्य करतो. पण नुसता गठ्ठाच मारत राहावा, असे सुचवणारा पुरावा मला कुठेही दिसत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा येरवड्याचा पुण्याचा कोर्स, असे पूर्ण कोर्स मोजके. त्यांचे सभासदत्व सर्वसाधारण माणसाच्या आवाक्यातले नाही. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली अदिती अशोक यांना पाहून ज्यांना हा खेळ शिकावासा वाटतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना रेंज हीच शाळा आणि रेंज हेच मैदान. ‘आम्हाला कोर्सच मिळत नाही, मग कोर्ससारखा सराव कशाला’ असे कोणी म्हणेल. पण ज्याला कोर्स क्वचित मिळतो त्यालाच रेंजवर कोर्स उभा करण्याची सर्वात जास्त गरज आहे.

त्याला खर्च काहीच नाही. पन्नास चेंडूंची बकेट घेतलीत तर पहिले पंधरा अंग मोकळे करायला आणि शिकवणाऱ्याने सांगितलेल्या एका गोष्टीवर घालवा. उरलेल्या पस्तीस चेंडूंवर ओळखीच्या कोर्सचे एकेक होल मनात धरून खेळा: आधी ड्रायव्हर, चेंडू जिथे पडला तिथून उरलेले अंतर मोजून त्याला साजेसा आयर्न, मग वेज. दर चेंडूआधी मॅटवरून मागे सरा, नवी पाटी निवडा, रोख धरून पुन्हा उभे राहा. चेंडू अधिक चुकतील, वेळ दुप्पट लागेल, शेजारच्या बेमधला माणूस तुमच्यापेक्षा चांगला खेळताना दिसेल. तरी सोडू नका. आणि शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्याची प्रगती तासाच्या शेवटच्या चेंडूवर मोजू नका, पुढच्या आठवड्यात तो येईल तेव्हा, अंग गरम होण्याआधी, तुम्ही सांगाल त्या क्लबने त्याने मारलेल्या पहिल्या चेंडूवर मोजा.