आत्ताच कुठून आलं हे?



एप्रिल २०२४ मध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने १८ वर्षांखालील ट्रान्स मुलांना वयात येणे लांबवणारी औषधे नव्याने सुरू करण्यावर बेमुदत बंदी घातली. तेव्हापासून आपल्या गप्पांत एक निष्कर्ष ऐकू येतो: "म्हणजे हे सगळं खूळच होतं!" आम्हाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मुलांवरच्या या उपचारांमागचा पुरावा कच्चा आहे, असे अहवाल म्हणतो. ट्रान्स असणेच खोटे, असे तो म्हणत नाही.

घरच्यांचा खरा सवाल वेगळाच असतो. "लहानपणी तर असं काही नव्हतं, आत्ताच कुठून आलं?"

काहींना फार लवकर कळते. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी 'टाइम्स'ला धाडणाऱ्या पत्रकार जॅन मॉरिस यांनी 'कनन्ड्रम' (१९७४) या आत्मकथनात सांगितले आहे की, आपला देह चुकीचा आहे हे त्यांना तीन-चार वर्षांच्या वयातच जाणवले. आईच्या पियानोखाली बसलेल्या असताना! तरीही लग्न झाले, मुले झाली, आणि शस्त्रक्रिया झाली ती थेट १९७२ मध्ये. इतकी वर्षे घराबाहेर कुणाला पत्ता लागला असेल?

पुष्कळांच्या आयुष्यात असा पियानो नसतोच. 'जेंडर डिस्फोरिया' म्हटले की आरशासमोर रडणारे कोणीतरी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते अनेकदा फोटो टाळणे, वयात येताना स्वतःचेच शरीर परके वाटणे, स्वतःचा आवाज नकोसा होणे, असे असते. सगळ्यांचे असेच असते, असे समजून माणूस गप्प राहतो. कित्येकांना ते उलट बाजूने कळते. कोणी नव्या नावाने हाक मारते, एकदम हायसे वाटते, आणि आजवर काय सलत होते ते तेव्हा उमगते. त्यातून आपल्या घरांत यासाठी जे शब्द होते ते टिंगलीचे. मूल आईला सांगणार तरी कुठल्या शब्दांत?

केस कापले, पँट घातली, एवढ्याने मात्र काही ठरत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुली झाडावर चढणाऱ्याच होत्या! अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या व्याख्येत ही विसंगती किमान सहा महिने टिकावी लागते आणि तिचा त्रास व्हावा लागतो. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती मनोविकारांत मोडत नाही.

इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलांना या दवाखान्यांत थेट पाठवता येत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांची मानसिक आरोग्य सेवा, आणि त्यांच्यामार्फत पुढे. रांग लांब आहे. तोवर मूल घरातच असते, आपल्यासमोर.