फाइल हट्टी नाही, आपल्यालाच घाई!

महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म भरायला परवा हातखंबा तिठ्यावरच्या एका दुकानात गेले होते. आधार, बारावीची मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान... सगळं स्कॅन झालं, अपलोडही झालं. निघताना डेस्कटॉपवरची माझी पीडीएफ डिलीट करायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो, फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

‘दादा, ही डिलीटच होत नाहीये.’

‘असू दे गं, कोण बघतंय? मी काढतो नंतर.’

बाहेर रत्नागिरीची एसटी लागली होती. उठणारच होते, तेवढ्यात लक्ष गेलं. त्याच डेस्कटॉपवर आणखी कितीतरी जणांची आधार कार्डं होती, नावानिशी. त्यांचीही एसटी लागली असणार!

मी एसटी सोडली.

अशा फाइलला आपण हट्टी म्हणतो. खरं तर ती बिचारी अडकलेली असते. एखादा प्रोग्रॅम फाइल वापरत असेल, तर विंडोज बहुतेक वेळा ती पुसू देत नाही. काम चालू असताना फाइल मध्येच गायब होऊ नये, म्हणून ही सोय. माझी पीडीएफ मागे मिनिमाइज केलेल्या रीडरमध्ये उघडी होती. तो बंद केला, फाइल गेली. एवढ्याने जमलं नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तो प्रोग्रॅम तिथून बंद करा. तरीही अडलं, तर रीस्टार्ट. ‘परमिशन नाही’ असं आलं, तर मात्र ॲडमिन अकाउंट लागतं; तेव्हा दुकानदारालाच करायला लावा. आणि यासाठी नेटवरून मिळेल ते सॉफ्टवेअर उतरवू नका. एक फाइल घालवायच्या नादात व्हायरस घरात यायचा!

डिलीट झालं म्हणजे संपलं, असंही नाही. फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. तो रिकामा केला तरी हार्ड डिस्कवरची ती जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. तिथे नवीन काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइल परत मिळू शकते. शिवाय डाउनलोड्समधली दुसरी कॉपी आणि लॉगआउट न केलेलं व्हॉट्सॲप वेब राहतंच.

दुकानदाराला दोष देणं सोपं आहे. ॲडमिशनच्या दिवसांत त्याच्यासमोर रांग असते आणि आपल्याला त्याच्याशिवाय पर्याय नसतो. पण रोज संध्याकाळी स्कॅनचं फोल्डर रिकामं करणं त्यालाही जड नाही, फक्त कुणीतरी ते मागायला हवं. आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलाय. पण मागे उघडा राहिलेला रीडर बंद करायला कायदा काही तिठ्यावर येणार नाही. ते आपणच करायचं. जिथे चालत असेल तिथे शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं आणि फाइल गेल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

लाजायचं कशाला? पुढची एसटी येतेच. आधार नंबर मात्र सहसा बदलून मिळत नाही.