ओसरीवरून : परवान्याचा योग आणि क्षेम

गेल्या महिन्यांत दौंडहून सूनबाईंचा दूरध्वनि आला. "काका, विमा-एजंटाची परीक्षा द्यावी असें मनांत आहे. मुलीला शाळेंत पोंचविल्यावर दुपार मोकळी असते, घरखर्चालाही हातभार लागेल. ह्यांची ना नाहीं. पण आईंच्यापुढें विषय काढला कीं त्या उठून आंत जातात. तुम्ही एकदां येऊन बोला ना!"

ही माझ्या दिवंगत चुलतबंधूंची सून. तिचा नवरा दौंडास रेल्वेंत नोकरीस आहे. वहिनी कां उठून जातात हें मला ठाऊक होतें. तें कारण शेवटीं सांगेन. आधीं सूनबाईंस हवी असलेली माहिती देतों; कारण हल्लीं पुष्कळ घरांतील सुना-मुली हाच प्रश्न विचारतात, आणि उत्तरादाखल त्यांस एक तर थट्टा मिळते, नाहीं तर अर्धवट ऐकीव गोष्टी.

आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर जें वचन आहे तें गीतेच्या नवव्या अध्यायांतील असून त्यांत 'योगक्षेम' हा शब्द येतो. शंकराचार्यांनीं त्याची फोड केली आहे ती अशी कीं, न मिळालेलें मिळणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. विम्याच्या परवान्यासही ही फोड तंतोतंत लागू पडते.

प्रथम योग पाहूं. आपल्याकडे विमा कांहीं आजचा नव्हे. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, तेव्हांपासून मध्यमवर्गीय मराठी घरांस विम्याची ओळख झाली. एजंटाच्या शब्दावर लोक पैसा ठेवतात, तेव्हां त्या शब्दास कांहीं बंधन हवें, म्हणून १९३८ च्या विमा कायद्याच्या ४२ व्या कलमानें एजंटास सरकारी परवान्याची अट घातली. १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन २४५ विमा संस्थांचा व्यवसाय त्याच्याकडे गेला. परवाना मात्र राहिला. पुढें १९९९ च्या कायद्यान्वयें विमा नियामक प्राधिकरण आलें, आणि त्याच्या २००० सालच्या नियमांनीं नव्या एजंटास शंभर तासांचें शिक्षण व परीक्षा लावली. तो परवाना तीन वर्षांचा असे.

२०१५ च्या दुरुस्तीनें ही रीत पालटली. आतां व्यक्तिगत एजंटाची नेमणूक विमा कंपनीच करते. १ एप्रिल २०१६ पासून त्याचे नवे नियम आहेत. लोक अजून 'लायसन' म्हणतात, परंतु हातीं पडतें तें कंपनीचें नेमणूकपत्र व ओळखपत्र. उमेदवार सज्ञान व दहावी उत्तीर्ण असावा; म्हणजे माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्यासही दार मोकळें आहे! अफरातफर, विश्वासघात, फसवणूक किंवा खोटे दस्तऐवज यांबद्दल दोषी ठरलेल्यास मात्र तें बंद. कंपनीकडे अर्ज करावा, पंचवीस तासांचें शिक्षण घ्यावें आणि परीक्षा द्यावी. पन्नास प्रश्न, एक तास, आणि उत्तीर्ण होण्यास शेंकडा पस्तीस गुण. प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते. एका एजंटास आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्यविम्याची एक अशा कंपन्यांचें काम करतां येतें. आयुर्विम्याच्या दोन कंपन्यांचें नाहीं. सूनबाई पदवीधर आहे. महिनाभर दुपारीं अभ्यास केला, तर हा योग तिला सहज साधेल.

क्षेमाची गोष्ट निराळी. दर तीन वर्षांनीं नूतनीकरणाची जुनी खटपट आतां उरली नाहीं, परंतु कंपनी आपल्या नियमाप्रमाणें वर्षाकाठीं किमान काम मागते. तें न झाल्यास नेमणूक जाते. त्याहून मोठें बंधन आचारसंहितेचें. ग्राहकाकडे जातांना आपली ओळख दाखवावी. त्यानें विचारल्यास आपलें कमिशन किती तें सांगावें. हप्ता हातीं घेतला असेल, तर सुटीचे दिवस वगळून चोवीस तासांत तो कंपनीकडे पोंचवावा. नवा विमा खपावा म्हणून जुना बंद करावयास लावूं नये. कमिशनांतून हप्त्यांत सूट देण्याचें आमिष दाखवूं नये. १९३८ च्या कायद्याचें ४१ वें कलम तें मनाई करतें, आणि घेणाराही दोषीच ठरतो. पॉलिसी हातीं आल्यावर ती पसंत नसेल, तर तीस दिवसांत परत करतां येते, हेंही ग्राहकास आपण होऊन सांगावें.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांतील म्हणून स्पष्ट लिहितों. परवाना पत्नीच्या नांवाचा आणि सारा धंदा नोकरदार पतीचा, हा प्रकार आम्हां शिक्षकांत पुष्कळ चाले. सरकारी नोकरांच्या वर्तणूक-नियमांत पत्नीच्या विमा-एजन्सीसाठीं शब्द टाकणें हाही दोष मानलेला आहे. तेव्हां सूनबाई, काम तूं कर, अर्ज तूं भर, उत्तरही तूंच दे. तुझ्या नवऱ्यानें रेल्वेंतील सोबत्यांपाशीं तुझी शिफारस करीत हिंडूं नये.

ह्या संहितेंत आणखी एक कलम आहे : महत्त्वाची माहिती अर्जांतून गाळण्यास एजंटानें ग्राहकास प्रवृत्त करूं नये. तें वाचलें कीं माझा हात अजून थरथरतो.

१९९४ सालची गोष्ट. माझे बंधु शिरूरास एका अडत-दुकानीं जमाखर्च लिहीत. मिळकत बेताची, मुलें दोन. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ विम्याचें काम करीत. परवाना अर्थातच त्यांच्या पत्नीच्या नांवाचा. एके संध्याकाळीं ते आमच्या ओसरीवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचें अक्षर सुंदर आहे, अर्ज तुम्हीच भरा." मीं लिहीत गेलों. मधुमेह आहे काय, हा प्रश्न आला. बंधूंस सात वर्षें मधुमेह होता. मीं लेखणी थांबविली. गृहस्थ हंसून म्हणाले, "खरें लिहाल तर तपासणी लागेल, हप्ता वाढेल. सगळेच 'नाहीं' लिहितात." बंधूंनीं माझ्याकडे पाहिलें. मीं 'नाहीं' लिहिलें, आणि माझ्या शब्दावर विसंबून त्यांनीं खालीं सही केली.

चौदा महिन्यांनीं बंधु गेले. कंपनीनें चौकशी केली, पुण्याच्या दवाखान्यांतील जुने कागद निघाले आणि दावा नामंजूर झाला. ते गृहस्थ पुन्हां आमच्या ओसरीवर फिरकले नाहींत. वहिनींनीं पापड लाटले, शिकवण्या केल्या आणि मुलें वाढविलीं. मीं मुलांची फी भरीत असें, तेव्हां लोक माझी वाखाणणी करीत. ती ऐकतांना मला काय वाटे, तें मीं कोणास सांगितलें नाहीं.

आज कायदा थोडा निराळा आहे. ४५ व्या कलमाच्या २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणें पॉलिसीस तीन वर्षें झाल्यावर तिच्यावर कोणत्याही कारणानें आक्षेप घेतां येत नाहीं; आणि त्याआधीं, लबाडी सिद्ध न होतां केवळ चुकीच्या माहितीवरून दावा नाकारला, तर भरलेले हप्ते परत द्यावे लागतात. परंतु त्या तीन वर्षांत खोटा 'नाहीं' आजही तितकाच घातक आहे. खरें लिहिलें तर फार तर हप्ता वाढतो, नाहीं तर विमा मिळत नाहीं. खोटें लिहिलें तर माणूस विमा असल्याच्या भ्रमांत मरतो.

गेल्या रविवारीं मी एस. टी.नें दौंडास गेलों. जेवणें झाल्यावर सूनबाईंच्या देखत वहिनींस म्हणालों, "वहिनी, एक गोष्ट तीस वर्षें सांगावयाची राहिली आहे. तो अर्ज मीं भरला होता."

वहिनी सुपारी कातरीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. "ठाऊक आहे, भावोजी. कंपनीनें अर्जाची नक्कल धाडली होती. तुमचें अक्षर मला ओळखूं येणार नाहीं होय?"

मला कांहींच बोलतां येईना. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "सही त्यांचीही होती. पण हिला ह्या धंद्यांत पाहवेल कीं नाहीं, तें कळत नव्हतें म्हणून उठून जात होतें." मग सुनेकडे वळून : "परीक्षा दे. पण पहिला अर्ज भरशील तो मला वाचून दाखव. दुखण्याचा रकाना आधीं."

सूनबाईंनीं परीक्षेसाठीं नांव नोंदविलें आहे. वाचकहो, आपल्या घरीं कोणी एजंट येईल तेव्हां अर्ज स्वतः वाचा, उत्तरें स्वतः लिहा, नक्कल जपून ठेवा. आणि कोणी 'सगळेच असें लिहितात' म्हणाला, तर लेखणी खालीं ठेवा. मला ती त्या संध्याकाळीं ठेवतां आली असती.