आधी घोडा कसा चालतो ते सांगा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि विषय असा निवडलाय की निम्मे नातेवाईक पहिल्याच परिच्छेदात पळतील. पळू नका मंडळी. विषय मोबाइलवरच्या खेळाचा असला तरी भांडण तुमच्या-माझ्या घरातलंच आहे.

झालं असं, की दिवाळीत नांदगाव पेठेला ताईकडे गेलो होतो. दुपारची जेवणं झालेली. भाचा (वय वर्षं बारा) खाटेवर मांडी घालून बसलेला, समोर उशीला टेकवलेला मोबाइल. पडद्यावर एक तलवारवाला गडी राक्षसांना कापत सुटलेला आणि भाच्याचे दोन्ही हात चिवड्याच्या ताटलीत!

"अबे, तू खेळून राहिला का पाहून राहिला?"

"मले काईच नाई करा लागत मामा. गडी सोताच लढते."

"मंग तू काय करतं?"

"लाल ठिपका आला का दाबतो."

मी हसलो आणि विसरून गेलो. दोन दिवसांनी ताईच्या लक्षात आलं, की तिच्या खात्यातून १९९ रुपये चारदा गेलेत. एकूण ७९६. मग जे व्हायचं ते झालं. भाऊजी म्हणाले, मोबाइलच फोडतो. एक मावशी म्हणाल्या, सरकारनं तर हे सगळे गेम बंद केले ना, मग हा कसा चालू? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ‘हा पण लहानपणी असाच होता’ हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य आहे.

आधी मावशींना उत्तर. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. साधे करमणुकीचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स त्यात वेगळे धरले आहेत. म्हणजे भाच्याचा खेळ काही बेकायदा नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. त्या पोराला मी विचारलं, "१९९चं काय घेतलं?" म्हणे, "नवशिक्यांसाठीचा पॅक." "त्यात काय असते?" "बळ वाढते." "कशाचं बळ?" पोरगं गप्प. महिनाभर खेळतंय, आणि आपला गडी कशानं जिंकतो, कशानं हरतो, हे त्याला ठाऊक नाही. यात मी त्याला दोष देत नाही. त्याला ते कुणी सांगितलंच नाही.

आता थोडं मागे जातो. २००२ साली कोरियाच्या ग्रॅव्हिटी कंपनीनं ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’ नावाचा खेळ काढला. जादूगार, तलवारबाज, चोर, व्यापारी असं काहीही व्हायचं आणि हजारो लोकांसोबत एकाच दुनियेत हिंडायचं. भारतातही त्या दशकात काही काळ त्याचा वेगळा सर्व्हर होता. मी नांदगाव पेठेहून अमरावतीला शिकायला जायचो. कॉलेज सुटलं की राजकमल चौकाजवळच्या एका सायबर कॅफेत तासभर बसायचो. खिशात परतीच्या एसटीचे पैसे शिल्लक ठेवून उरलेल्या पैशात जेवढा वेळ मिळेल तेवढा.

पहिल्या आठवड्यात माझ्या गड्याची तब्येत भरूनच येईना. मार खाल्ला की खाली बसायचं, बसलं की जीव हळूहळू भरतो, एवढं मला कळलं होतं. मी आपला बसून आहे, घड्याळ पुढे सरकतंय, आणि जीव आहे तिथेच. मला वाटलं, खेळ बिघडला. शेजारच्या मशीनवर एक दादा बसायचा, माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा. त्यानं माझ्या पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "वजन पाह्य."

बस. एवढंच. ‘हे टाक, ते विक’ नाही. मी पाहिलं, तर मेलेल्या प्रत्येक प्राण्याजवळचा सगळा कचरा मी झोळीत भरून हिंडत होतो. नियम असा होता, की आपल्या क्षमतेच्या निम्मं ओझं झालं की जीव आपोआप भरणं थांबतं, आणि नव्वद टक्के झालं की हत्यारही चालवता येत नाही. तो नियम कळला आणि मग काय टाकायचं, काय ठेवायचं हे मी माझं ठरवायला लागलो. त्या एका वाक्यात मला जे मिळालं, ते भाच्याला ७९६ रुपयांत मिळालं नाही.

त्या खेळात सहा गुण असत : ताकद, चपळाई, दम, बुद्धी, हस्तकौशल्य आणि नशीब. पातळी वाढली की गुण वाढवायला थोडे पॉइंट मिळत. गंमत त्यांच्या किमतीत होती. सुरुवातीला एखादा गुण एकानं वाढवायला दोन पॉइंट लागत. तोच गुण नव्वदीच्या पुढे गेला, की एका पायरीला अकरा. एक गुण १ पासून ९९ पर्यंत न्यायला एकूण ६२८ पॉइंट, आणि ९९व्या पातळीपर्यंत आयुष्यभराची कमाई १२७३ पॉइंट. करा हिशेब : दोन गुण टोकाला नेले की १२५६ गेले, हातात उरले १७. बाकीच्या चार गुणांच्या नावानं शंख! आणि त्या काळी एकदा टाकलेला पॉइंट सहजी परत घेता येत नसे.

हा हिशेब नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगायला हवा. पण बहुतेक जण काय सांगायचे? "चपळाई मार, आंधळेपणानं." का? तर ‘सगळे तेच करतात’. मी ऐकलं. माझा चपळ तलवारबाज एकाला एक असला की राजा. कुणाचा वार लागतच नसे. एके दिवशी सहा-सात प्राणी एकदम अंगावर आले आणि गडी पाचोळ्यासारखा उडाला. कारण अंगावर दोनाहून जास्त शत्रू आले, की प्रत्येक जादा शत्रूमागे वार चुकवण्याची शक्ती दहा टक्क्यांनी घटते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सल्ला चुकीचा नव्हता. फक्त त्याच्यामागचा नियम काढून घेतला होता, त्यामुळे तो कुठे लागू नाही हे कळायला मार्ग नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. नवशिक्याला निर्णय देऊ नका, नियम द्या. आजोबांनी आपल्याला बुद्धिबळ शिकवलं तेव्हा ‘घोडा अडीच घरं चालतो’ असं सांगितलं. ‘पहिल्या खेळीला घोडाच काढ, बाकी विचारू नको’ असं सांगितलं असतं, तर आपण खेळलो नसतो, आजोबाच दोन्ही बाजूंनी खेळले असते. भाच्याच्या मोबाइलवर नेमकं हेच चाललंय. वाट कुठली? खेळच चालवत नेतो. कुठलं चिलखत? ‘शिफारस केलेले’ हे बटन आहे. गडी कसा आहे? त्याची एक भलीमोठी संख्या वर चमकते, सगळे गुण त्यात मिसळून टाकलेले. हरलास? ‘बळ वाढवा’ म्हणून दुकान उघडतं. आणि याला ते लोक नवशिक्यांसाठी मार्गदर्शन म्हणतात! अहो, ज्याला हरण्याचं कारण माहीत नाही त्याला औषध म्हणून काहीही विकता येतं.

नियम लपवण्यात पैसा असतो, हे मी रागाच्या भरात म्हणत नाहीये. ‘मेपलस्टोरी’ हा असाच एक जुना कोरियन काल्पनिक खेळ. त्यात पैसे देऊन घ्यायच्या एका वस्तूनं आपल्या सामानाचे गुण बदलता येत, अर्थात नशिबावर. त्यातल्या शक्यता कंपनीनं खेळणाऱ्यांना न सांगता बदलल्या म्हणून तिथल्या व्यापार आयोगानं नेक्सॉन या कंपनीला जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. त्याच वर्षी मार्चपासून अशा शक्यता उघड करणं कोरियात सक्तीचं झालं. म्हणजे सरकारलाही शेवटी हेच म्हणावं लागलं, की बाबांनो, आधी नियम सांगा.

आता माझे जुने खेळगडी भांडायला उठतील. "अरे, तुझ्या त्या जुन्या खेळात एक चूक झाली की तीन महिने पाण्यात. तेव्हा तयार यादी मिळाली असती तर तूच पाया पडला असतास." खरं आहे. तो जुना कठोरपणा मला परत नकोय. चूक पुसायची सोय हवीच. ज्याला अर्धा तासच वेळ आहे त्यानं तयार यादी वापरावी, हेही मान्य. पण यादीसोबत कारण द्यायला दोन ओळी जास्त लागतात, बस. ‘जादूगाराला हस्तकौशल्य वाढव, कारण त्यानं मंत्राचा वेळ कमी होतो.’ या ‘कारण’नंतर जे येतं तेच शिक्षण. आपल्यापैकी जे जे जालावर कुणा नवख्याला सल्ले देतात, त्यांनी हा एक शब्द गाळू नये.

आणि सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की काय परत फिरवता येत नाही. रॅग्नारॉकमध्ये हत्यार ठोकून धारदार करता यायचं. सगळ्यांत हलक्या दर्जाचं +७ पर्यंत आणि सगळ्यांत भारी दर्जाचं +४ पर्यंत बिनधोक. त्यापुढची ठोक फसली तर हत्यारच नाहीसं! हे माहीत असून ज्यानं पाचवी ठोक मारली, त्यानं धाडस केलं. माहीत नसताना मारली तो लुटला गेला. बाहेरून दोघांच्या हातून झालेलं सारखंच दिसतं.

रच्याकने, नातेवाईकांनाही दोन शब्द. ‘मोबाइल फोडा’ हेही तयार बटनच आहे, फक्त ते आपण दाबतो. भाच्याला मारलं, पण ७९६ रुपये म्हणजे घरात किती दिवसांचं दूध, हे कुणी त्याला सांगितलं का? मीही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी कागद घेऊन बसलो आणि दोघांनी हिशेब केला. ताईनं पिन बदलला. आणि मी त्या खेळातलं आपोआप लढायचं बटन बंद करून मोबाइल त्याच्या हातात दिला.

पहिल्याच मैदानात, ज्याच्याकडे तो महिनाभर ढुंकूनही पाहत नव्हता अशा एका हिरव्या गोळ्यानं त्याला मारलं. पुन्हा उभा राहिला, पुन्हा मेला. चौथ्यांदा त्यानं मोबाइल गादीवर आपटला आणि माझ्याकडे वळून ओरडला, "काहून मेलो मी?"

महिन्याभरात पहिल्यांदाच त्यानं हे विचारलं होतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्याचं हत्यार आगीचं होतं, आणि तो गोळाही आगीचाच. पण मी म्हटलं, "त्याच्या नावावर बोट ठेव, काय लिहिलं ते वाच."

वाचून राहिला आहे अजून. असो.