‘माय डिंग-अ-लिंग’ची लाज वाटणाऱ्यांस

चक बेरी यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण १९७२ या वर्षापाशी आले की ओशाळतात. ‘मेबलीन’, ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’, ‘जॉनी बी. गुड’ यांपैकी एकही गीत अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले नाही. तो मान मिळाला ‘माय डिंग-अ-लिंग’ या चावट गीताला. मग ‘इतिहासाने केलेली क्रूर थट्टा’ हे ठरलेले वाक्य येते आणि प्रकरण मिटते. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे.

गीत कागदावर वाचले तर हाती फारसे लागत नाही. आजीने नातवाला दोरीला बांधलेल्या घंट्यांचे खेळणे दिले. त्या खेळण्याच्या आडून बोलणे कशाविषयी चालले आहे, हे शाळकरी पोरालाही कळते. विनोद तेवढाच. परंतु लोकांनी विकत घेतला तो कागद नव्हे. ३ फेब्रुवारी १९७२ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे, लँचेस्टर कला महोत्सवात झालेल्या कार्यक्रमाचे ते ध्वनिमुद्रण होते. (ज्या संग्रहात ते आले त्याचे नाव ‘द लंडन चक बेरी सेशन्स’. कॉव्हेंट्री लंडनपासून सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. पण ते असो.)

तबकडीसाठी कापलेले चार मिनिटांचे रूप बाजूला ठेवा आणि संग्रहातील अकरा मिनिटांहून मोठे मुद्रण ऐका. बेरी खट्याळ मास्तरासारखे श्रोत्यांना शिकवतात, स्त्रियांनी काय गायचे आणि पुरुषांनी काय, हे वाटून देतात, मध्येच थांबून फिरकी घेतात. बुजलेले सभागृह हळूहळू धीट होत जाते. हे धीट होणे हाच त्या मुद्रणाचा खरा विषय आहे. १९६८ साली बेरींनी याच गीताचे सोवळे रूप ‘माय टॅम्बरिन’ या नावाने स्टुडिओत गायले होते. त्याची आठवण आज संग्राहकांखेरीज कोणाला आहे? शब्द बदलले होते हे मान्य. पण त्याहून मोठी उणीव समोरच्या माणसांची होती.

यामागे धंद्याचे गणितही होते. बेरी गिटार घेऊन एकटे फिरत, साथीला त्या त्या गावचे वादक घेत आणि पुष्कळदा तालीमही करीत नसत. अशा गायकाला विनातालमीचा एकच भरवशाचा साथीदार सर्वत्र मिळे, तो म्हणजे जमाव. कॉव्हेंट्रीत हा जमाव इतका चेकाळला की पुढच्या पिंक फ्लॉइडच्या कार्यक्रमासाठी सभागृह रिकामे करताना आयोजकांच्या नाकी नऊ आले. त्यांच्या विनवण्याही मुद्रणात ऐकू येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा साधनाला ‘थिल्लर’ म्हणून बाजूला सारावे, हे मला पटत नाही.

संस्कृतिरक्षक मेरी व्हाइटहाउस यांनी हे गीत बंद करावे म्हणून बीबीसीकडे तक्रार केली. बीबीसीने ते ऐकले नाही आणि गीत ब्रिटनमध्येही अव्वल ठरले. व्हाइटहाउसबाईंना निदान गीताची ताकद कळली होती. आजच्या अभिरुचिसंपन्न समीक्षकांना तेवढीही कळलेली दिसत नाही.

आणि लाज वाटून घ्यायची तर तिला योग्य जागा आहे. हे गीत मुळात बेरींचे नाहीच. न्यू ऑर्लिन्सचे ट्रम्पेटवादक आणि वाद्यवृंदप्रमुख डेव्ह बार्थोलोम्यू यांनी ते लिहून १९५२ साली स्वतः मुद्रित केले. १९५४ साली ‘द बीज’ या गटाने ते ‘टॉय बेल’ म्हणून गायले. १९७२च्या तबकडीवर मात्र गीतकार म्हणून नाव छापले गेले एकट्या बेरींचे. ज्या बेरींच्या ‘मेबलीन’वर १९५५ साली अ‍ॅलन फ्रीड आणि रस फ्रॅटो यांची नावे सहलेखक म्हणून चिकटवली गेली, आणि ज्यांना ती काढून घेण्यासाठी १९८६ उजाडावे लागले, त्याच बेरींच्या तबकडीवर हे घडले!

गीत अश्लील की निरागस, यावर पन्नास वर्षे शाई सांडली. बार्थोलोम्यू २०१९ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. ‘क्रूर थट्टा’ लिहिणाऱ्या किती लेखांत त्यांचे नाव येते, ते एकदा मोजून पाहा.